समुद्रातील जीर्णोद्धाराची खतावणी

सेलू तालुक्यातील वालूर येथील बारव आता महाराष्ट्रभर ओळखली जाते. गोल फिरत पाण्यापर्यंत उतरणाऱ्या तिच्या पायऱ्या पाहण्यासाठी लांबून अभ्यासक येतात. बराच काळ ही बारव गाळ, झुडपे आणि कचरा यांखाली दबलेली होती. गावकऱ्यांनी श्रमदान करून ती मोकळी केली. बारव स्वच्छ झाली हे छायाचित्रात दिसते. ती जिवंत झाली किंवा कसे, हे मात्र छायाचित्र सांगत नाही. त्यासाठी ऐन वैशाखात पाण्याची पातळी पाहावी लागते, आणि तीही एकाच वर्षी पाहून भागत नाही. पाऊसपाणी चांगले झाले त्या वर्षी गावातील प्रत्येक विहिरीला पाणी असते. शेजारची, गाळ न काढलेली विहीर त्याच वैशाखात कोरडी पडली आणि ही पडली नाही, तरच त्याचे श्रेय गाळ काढणाऱ्यांच्या पदरात टाकता येते.

हाच हिशेब समुद्राच्या तळाशी मांडण्याचा उद्योग गेली काही दशके जगभर सुरू आहे. उद्ध्वस्त झालेल्या प्रवाळभित्ती पुन्हा उभ्या करावयाच्या आणि त्या खरोखर उभ्या राहिल्या का, हे मोजावयाचे. वालूरपासून समुद्र साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तथापि मराठवाड्यातील व्यापारी कुटुंबांचा समुद्राशी संबंध वाटतो तितका तुटलेला नाही. घरातील एखादा मुलगा मुंबईत असतो, दिवाळीच्या सुट्टीत मालवणची सहल होते, सराफीच्या दुकानात पोवळे असते, आणि दानाची आवाहने तर आता कोणत्याही विषयाची येतात. परदेशातील काही संस्था ‘प्रवाळ दत्तक घ्या’ अशा योजना चालवितात. दान देणाऱ्या समाजाला दानाचा हिशेब कसा विचारावा हे माहीत असावे लागते, म्हणून हा विषय.

प्रथम पोवळ्याविषयी एक खुलासा आवश्यक आहे. अंगठीत किंवा जपमाळेत असणारे लाल पोवळे प्रामुख्याने भूमध्य समुद्रातून येते. इटलीतील तोरे देल ग्रेको हे गाव त्याच्या घडणावळीसाठी प्रसिद्ध आहे. भारताच्या किनाऱ्यालगत जे प्रवाळ भित्ती बांधतात, ते वेगळे. त्यांना रत्न म्हणून मोल नाही, आणि कायद्याने त्यांना हातही लावता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांचा समावेश आहे. वाघाला जे संरक्षण तेच त्यांना. पर्यटनस्थळी कोणी पांढऱ्या प्रवाळाचा शोभिवंत तुकडा विकावयास आणला, तर तो दिवाणखान्यात ठेवणे हाही गुन्हा ठरू शकतो.

जैन कुटुंबांत या जीवाची ओळख नवी नाही. उत्तराध्ययन सूत्राच्या शेवटच्या अध्ययनात पृथ्वीकायिक जीवांचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत हरताळ, हिंगूळ, मनशीळ यांच्या जोडीने प्रवाळही आहे. दिगंबर परंपरेतील मूलाचारातही तो येतो, आणि जीवविचार प्रकरण पाठ करणाऱ्या मुलांना ‘विद्रुम’ हा शब्द ठाऊक असतो. आधुनिक जीवशास्त्र प्रवाळाला प्राणी मानते. दोन्ही वर्गीकरणांचे पाये भिन्न आहेत आणि त्यांची ओढूनताणून सांगड घालण्याचे कारण नाही. लक्षात घेण्यासारखी गोष्ट एवढीच, की जे जगाला केवळ दगड वाटत होते त्यात जीव आहे, ही जाणीव येथे फार जुनी आहे. युरोपात अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत प्रवाळाला वनस्पती समजत; पेसोनेल या फ्रेंच वैद्याने १७२० च्या दशकात ती ‘फुले’ वस्तुतः प्राणी असल्याचे दाखविले, तेव्हा पॅरिसच्या विद्वानांनी त्याचे म्हणणे मनावर घेतले नाही.

प्रवाळाचा एकेक जीव बहुधा काही मिलिमीटरांचा. मऊ पिशवीसारखे शरीर, वर तोंड, भोवती बारीक स्पर्शिका. समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियम घेऊन तो आपल्या बुडाशी चुनखडीची बैठक रचतो. असे हजारो जीव एकमेकांना जोडून वसाहत होते आणि शेकडो वर्षांत वसाहतींच्या थरांवर थर चढून भित्ती तयार होते. मोठ्या गोलाकार जातींची वाढ वर्षाला एक-दोन सेंटिमीटर, कित्येकदा त्याहूनही कमी. फांद्यांच्या जाती दहा सेंटिमीटरांपर्यंत वाढतात. या बांधकामाचे भांडवल मात्र प्रवाळाचे स्वतःचे नसते. त्याच्या शरीरात एकपेशीय शैवाल राहते, ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातील मोठा हिस्सा यजमानाला देते. प्रवाळाचा रंगही या भाडेकरूचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळी तापमानापेक्षा एखाद्या अंशाने वाढले आणि काही आठवडे तसेच राहिले, की ही भागीदारी मोडते. शैवाल बाहेर पडते, प्रवाळ पांढरा पडतो. यालाच विरंजन म्हणतात. पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मेलेला नसतो. पाणी वेळीच निवले तर शैवाल परत येते. न निवल्यास तो उपाशी मरतो.

समुद्रतळाच्या एक टक्क्याहूनही कमी जागेत या भित्ती आहेत, पण सागरी जीवांच्या सुमारे एक चतुर्थांश जाती त्यांच्या आश्रयाने जगतात असा अंदाज आहे. भित्तीचा नाश सगळीकडे एकाच कारणाने झालेला नाही. तमिळनाडूतील मन्नारच्या आखातात दगड आणि चुन्यासाठी प्रवाळ वर्षानुवर्षे खणून काढला गेला. तेथील एकवीस बेटांपैकी दोन बेटे त्यापायी पाण्याखाली गेली. लाटा अडविणारी भिंतच काढून नेल्यावर बेट किती दिवस टिकणार? इंडोनेशियात सुरुंग लावून मासे मारण्याच्या पद्धतीने भित्तींचा चुरा झाला. या सर्वांवर आता समुद्राच्या उष्णतेचा भार आहे. १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळात जगभर विरंजनाच्या लाटा आल्या. चौथी लाट सुरू असल्याचे एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाले.

महाराष्ट्राच्या वाट्याला लक्षद्वीपसारख्या विस्तीर्ण भित्ती आलेल्या नाहीत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवती, मालवणच्या उथळ पाण्यात खडकांवर प्रवाळांचे विखुरलेले पट्टे आहेत. १९८७ साली तेथे २९ चौरस किलोमीटरांचे सागरी अभयारण्य घोषित झाले. विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटर आत समुद्रात बुडालेले एक पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात, आणि तेथील प्रवाळ बरेच संपन्न आहेत. (बँकेच्या नावाला फसून कोणी तेथे ठेव ठेवू नये. ‘बँक’ म्हणजे येथे समुद्रातील उंचवटा.) केंद्र सरकार व संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने सिंधुदुर्ग किनाऱ्यासाठी जो प्रकल्प राबविला, त्यात प्रवाळांचे तुकडे कृत्रिम आधारांवर लावून पाहण्याचा प्रयोगही झाला.

मुंबईचे उदाहरण अधिक बोलके आहे. किनारी रस्त्याचे काम सुरू असताना हाजीअली आणि वरळी येथील खडकांवर प्रवाळ आढळले. वनखात्याची परवानगी घेऊन नोव्हेंबर २०२० मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अठरा वसाहती उचलून मुंबईच्याच किनाऱ्यावर दुसऱ्या जागी लावल्या. त्या बहुतांशी तगल्याचे नंतर सांगण्यात आले. ही गोष्ट अभिनंदनीय आहेच. परंतु या सर्व वसाहतींचे एकत्रित क्षेत्रफळ अर्ध्या चौरस मीटरलाही पोहोचत नव्हते. पूजेचा चौरंग त्याहून फार लहान नसतो. समुद्रात भराव किती पडला आणि प्रवाळ किती हलविला, हे दोन आकडे एकाच पानावर लिहिले तरच ताळेबंद होतो. एकच आकडा लिहिला तर ती जाहिरात होते.

प्रवाळभित्तीच्या जीर्णोद्धाराची सर्वसाधारण रीत आंब्याच्या कलमासारखी आहे. वसाहतीचा बोटभर तुकडा घेऊन तो आधारावर बांधावयाचा. तो जगला तर स्वतःची बैठक रचून नवी वसाहत होतो. काही ठिकाणी आधी समुद्रात रोपवाटिका करून तुकडे वाढवितात. कच्छच्या आखातात, मिठापूरच्या किनाऱ्याजवळ, जानेवारी २०२० मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण आणि गुजरात वनखाते यांनी आणखी एक पद्धत अजमावली: समुद्रतळाशी पोलादी सांगाडा ठेवून त्यातून सौरऊर्जेवरील अगदी सौम्य वीजप्रवाह सोडावयाचा, म्हणजे पाण्यातील खनिजे त्यावर चुन्यासारखी साचतात आणि बांधलेल्या तुकड्यांना आयता पाया मिळतो. मन्नारच्या आखातातील वान बेट झिजत चालले होते. त्याच्या समुद्राकडील बाजूस काँक्रीटचे पोकळ ठोकळे ठेवून लाटांचा जोर कमी करण्यात आला आणि प्रवाळाला जागाही करून देण्यात आली.

येथे जैन वाचकाच्या मनात एक शंका यावी आणि ती रास्त आहे. जिवंत वसाहतीचा तुकडा मोडून दुसरीकडे लावणे ही हिंसा नव्हे काय? जाणते कार्यकर्ते शक्यतो लाटांनी किंवा होड्यांच्या नांगरांनी आधीच मोडून पडलेले तुकडे उचलतात. वाळूत लोळत राहिले असते तर ते मेलेच असते. जेथे वसाहतीतूनच तुकडे घ्यावे लागतात, तेथे मूळ वसाहतीचीही नंतर तपासणी होणे आवश्यक आहे. तिचे नुकसान हिशेबात न धरता केवळ नव्या लागवडीची जमा दाखविणे, हे एका खात्यातून रक्कम काढून दुसऱ्यात भरल्यावर दोन्हींची बेरीज वाढली असे सांगण्यासारखे आहे.

आता मोजणी. तिची सर्वांत जुनी आणि अजूनही सर्वांत विश्वासार्ह पद्धत साधी आहे. पाणबुड्या तळाशी मोजफीत ताणतो, आणि फितीखाली सेंटिमीटरगणिक काय येते ते लिहीत जातो: जिवंत प्रवाळ, मेलेला प्रवाळ, शैवाल, वाळू, खडक. वीस मीटरांच्या फितीखाली तीन मीटर जिवंत प्रवाळ आला, तर आच्छादन पंधरा टक्के. तळात खिळे ठोकून जागा कायम केलेली असते, म्हणजे पुढील वर्षी फीत त्याच रेषेवर पडते. खिळे नसतील तर दरवर्षी वेगळी जागा मोजली जाते, आणि मोजणारा नकळत चांगल्या जागेकडे झुकतो. लेखापरीक्षकाला तपासणीसाठी पाने निवडून देण्याचे काम दुकानदाराकडे सोपवू नये, त्यातलाच हा प्रकार.

आच्छादन म्हणजे सर्वस्व नव्हे. चौकटी टाकून छोट्या, नुकत्याच बसलेल्या प्रवाळांची गणना करतात, कारण माणसाने बांधलेले तुकडे कितीही वाढले तरी भित्तीत आपोआप नवी पिढी येऊ लागली नाही, तर ते पुनरुज्जीवन नव्हे, ती कुंडीतील बाग आहे. मासे मोजतात, विशेषतः खडकावरील शैवाल खरवडून खाणारे मासे, कारण ते नसतील तर शैवाल वाढून प्रवाळाला बसावयास जागा उरत नाही. पाण्याचे तापमान अखंड नोंदणारी छोटी यंत्रे तळाशी ठेवतात. आणि हे सारे दोन ठिकाणी करतात: लागवड केलेल्या जागी, तसेच तशीच मोडलेली पण हात न लावलेली जागा निवडून तिथेही. जमल्यास तिसरी, निरोगी भित्तीही मोजतात. ही तुलना नसेल, तर चांगल्या पावसाळ्यातील विहिरीचे श्रेय गाळ काढणाऱ्यांनी घेण्यासारखे होते.

यातील एक माप तर वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने शोधल्यासारखे वाटते. प्रवाळ वर्षभरात प्रत्येक चौरस मीटरमागे किती चुनखडी तयार करतात, ही जमा. पोपटमासे, समुद्री साळिंदरे आणि दगड पोखरणारे स्पंज किती झिजवितात, ही नावे. बाकी जमेची असेल तर भित्ती वाढते आहे. नावेची असेल तर वर कितीही रंग दिसला तरी आतून ती झिजत आहे. इंडोनेशियातील सुलावेसीजवळ, सुरुंगांच्या मासेमारीने मोडलेल्या भित्तीवर पोलादी षट्कोनी सांगाडे बसवून प्रवाळ लावण्यात आले. तेथे असा ताळेबंद काढला तेव्हा चार वर्षांत ही बाकी सुमारे तिप्पट होऊन जवळच्या निरोगी भित्तीइतकी झाल्याचे आढळले. हा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. अभ्यासकांनी त्याच निबंधात सांगून टाकले, की लावलेले प्रवाळ बहुतेक फांद्यांच्या जातींचे आहेत, त्यामुळे जातींचे वैविध्य मूळ भित्तीसारखे नाही, आणि अशा जाती उष्णतेला लवकर बळी पडतात. उणी बाजू स्वतःहून मांडणाऱ्या संस्थेवर विश्वास ठेवावयास हरकत नसते.

सर्वत्र असे घडत नाही. २०२० साली जगभरातील साडेतीनशेहून अधिक प्रवाळ-पुनरुज्जीवन प्रयत्नांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात लावलेल्या तुकड्यांपैकी जगलेल्यांचे सरासरी प्रमाण साठ-सत्तर टक्के निघाले, जे ऐकावयास चांगले आहे. पण त्याच आढाव्यात असेही दिसले, की सुमारे साठ टक्के प्रयत्नांत देखरेख अठरा महिन्यांहून कमी काळ झाली होती. वर्षाला सेंटिमीटरभर वाढणाऱ्या जीवाची परीक्षा दीड वर्षात पाहणे म्हणजे कर्जाचा दुसरा हप्ता आला म्हणून खाते उत्तम ठरविणे. बँकांत थकलेले खाते पुनर्रचित केले, तरी ठरावीक काळ हप्ते नियमित आल्याशिवाय त्याचा दर्जा उंचावता येत नाही. आणि जुने थकलेले कर्ज नव्या कर्जाने फेडून खाते हिरवेगार दाखविण्याच्या युक्तीला बँकिंगमध्ये नावच आहे, ‘एव्हरग्रीनिंग’. मेलेल्या तुकड्यांच्या जागी गुपचूप नवे तुकडे बांधून जगण्याचे प्रमाण दाखविले, तर ते याहून वेगळे नाही. म्हणून प्रत्येक तुकड्याला क्रमांकाची पट्टी हवी.

पांजरपोळ चालविणाऱ्या विश्वस्तांना हे सांगावे लागणार नाही. वर्षभरात किती जनावरे आणली, हा आकडा अहवालात पहिल्या पानावर असतो. जाणता देणगीदार पान उलटून वर्षअखेर किती जगली आहेत ते पाहतो. प्रवाळासाठी कोणी देणगी मागितली, तर मूळ रोगाचे काय केले हेही विचारावे. सांडपाणी, गाळ, नांगर, पायदळी तुडविणे यांपैकी काहीच थांबले नसेल, तर गळक्या छपराखाली मंदिराची रंगरंगोटी चालली आहे असे समजावे. मालवणला पोहण्याचा चष्मा लावून पाण्यात उतरणारी मंडळी दमल्यावर ज्या ‘दगडा’वर उभी राहतात, तो पुष्कळदा दगड नसतो.

आणि मोजणाऱ्याने चिकाटी ठेवली तर काय कळते, याचे उत्तम उदाहरण लक्षद्वीपचे आहे. मैसूरच्या नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनचे रोहन आर्थर आणि त्यांचे सहकारी १९९८ पासून तेथील भित्तींची मोजणी करीत आले आहेत. या चोवीस वर्षांत १९९८, २०१० आणि २०१६ असे तीन उष्णतेचे तडाखे बसले. २०२२ पर्यंतच्या नोंदींनुसार जिवंत प्रवाळाचे आच्छादन सुमारे निम्म्यावर आले. त्यात एक वाकडी गोष्ट उघड झाली. प्रत्येक तडाख्यात मृत्यूचे प्रमाण आधीपेक्षा कमी होत गेले, कारण नाजूक प्रवाळ आधीच गेलेले होते आणि टणक तेवढे उरले होते. परंतु त्यानंतर भरून येण्याचा वेगही मंदावत गेला. एकाच तडाख्याचा अभ्यास करून थांबलेल्याला ‘प्रवाळ आता उष्णतेला सरावले’ असे वाटले असते. भरपाईचा वेग लक्षणीय वाढतो तो तडाख्याविना सलग सहा वर्षे मिळाल्यानंतर, हेही याच नोंदींतून दिसले.

१९९८ ते २०१० ही बारा वर्षे होती. २०१० ते २०१६ जेमतेम सहा. २०१६ नंतर आठ वर्षे मिळाली, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात लक्षद्वीपचे प्रवाळ पुन्हा मोठ्या प्रमाणावर पांढरे पडल्याचे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने कळविले. सहा वर्षांची मोजणी आता तेथून पुढे धरावी लागेल.